बाहेर पडायचे, पण कुठे? ब्रेक्झिटवर वाचकांचे प्रश्न

एखाद्या देशाने राष्ट्रांच्या संघात राहावे की बाहेर पडावे, या विषयावर वादविवादाची, निबंधाची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी सदरात घेतले आहेत. बहुतेकांनी ब्रिटनचे उदाहरण धरले आहे आणि ते बरोबरच आहे. सार्वभौम सदस्यदेशाने युरोपीय संघ सोडल्याचे ते एकमेव उदाहरण आहे, आणि त्याची प्रत्येक पायरी कागदोपत्री नोंदलेली आहे.

प्रश्न : ‘ब्रिटनने युरोपीय संघ सोडला ते योग्यच झाले’ या ठरावाची अनुकूल बाजू माझ्या वाट्याला आली आहे. सुरुवात कुठून करू?

बाहेर पडून ब्रिटनने कुठे जायचे होते, तिथून. हा एक मुद्दा धरलात तर बाकीचे सगळे भाषण त्याच्याभोवती उभे राहील. तो सुटला तर आकडे कितीही पाठ असोत, उपयोग होणार नाही.

संघाच्या सदस्यत्वात एकावर एक रचलेल्या बऱ्याच व्यवस्था आहेत. एकल बाजारपेठ वेगळी : तिच्यात वस्तू, सेवा, भांडवल आणि माणसे यांना मोकळा संचार असतो आणि नियम समान असतात. कस्टम्स युनियन वेगळी : तिच्यात आपसात आयातशुल्क नसते आणि बाहेरच्यांना सगळ्यांचे शुल्क एकच असते. शेती आणि मासेमारीची समाईक धोरणे आणखी वेगळी. यातले एक ठेवून दुसरे सोडता येते. नॉर्वेने १९९४च्या सार्वमतात सदस्यत्व नाकारले, पण युरोपीय आर्थिक क्षेत्रामार्फत तो देश एकल बाजारपेठेत आहे. कस्टम्स युनियनमध्ये मात्र नाही, म्हणून स्वीडनच्या हद्दीवर स्विनेसुंडला आजही ट्रक थांबवून जकातीची कागदपत्रे दाखवावी लागतात. तुर्कस्तानचे नेमके उलट आहे. कारखानदारी मालापुरती त्याची संघाशी कस्टम्स युनियन आहे, पण तुर्की नागरिकांना मुक्त संचार नाही. स्वित्झर्लंडने १९९२ मध्ये आर्थिक क्षेत्रही ५०.३ टक्क्यांनी नाकारले आणि मग शंभराहून अधिक स्वतंत्र करारांचे जाळे विणत बसावे लागले. कॅनडाचा फक्त व्यापार करार आहे. आणि ज्याचा काहीच करार नाही, त्याला जागतिक व्यापार संघटनेचे सर्वसाधारण नियम.

२३ जून २०१६च्या मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते : राहा किंवा सोडा. ‘सोडा’ म्हणणाऱ्या ५१.९ टक्क्यांमध्ये नॉर्वेसारखे राहू म्हणणारेही होते आणि सगळे धागे तोडा म्हणणारेही. पुढची साडेतीन वर्षे संसदेत जो गोंधळ झाला, त्याचे मूळ इथे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये संघाचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निये यांनी एका तक्त्यात जिन्याच्या पायऱ्या काढून दाखवल्या. युरोपीय न्यायालय नको, मुक्त संचार नको, संघाला मोठा निधी द्यायला नको, व्यापारधोरण आमचे आम्ही ठरवणार, या ब्रिटनच्या अटी. त्या एकेक लावत गेले की एकेक पायरी बाद होत जाते आणि शेवटी कॅनडासारखा करार तेवढा उरतो. तो तक्ता म्हणजे कोणी दिलेली शिक्षा नव्हती. ब्रिटनच्याच अटींचे ते गणित होते.

म्हणून पहिल्याच मिनिटाला सांगा की तुम्ही कोणत्या पायरीचे समर्थन करत आहात. तुम्ही सांगितले नाही तर प्रतिपक्ष त्याच्या सोयीची, म्हणजे तुम्हाला सर्वांत अडचणीची पायरी तुमच्या गळ्यात घालील. आणि प्रतिपक्षालाही हेच विचारा. ब्रिटन युरो वापरत नव्हता, शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, नव्हता. मग ‘राहणे’ म्हणजे तेवढ्याच सवलतींसह राहणे, की आणखी एकीकरणाकडे जाणे?

प्रश्न : कलम ५०ची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने सांगाल का? दोन वर्षांची मुदत इतकी अपुरी का पडली?

सदस्यदेशाने बाहेर कसे पडायचे हे सांगणारे हे कलम संघाच्या लिस्बन करारातून आले आणि १ डिसेंबर २००९ पासून लागू आहे. देश आधी आपल्या घटनेप्रमाणे निर्णय घेतो. मग युरोपीय परिषदेला, म्हणजे राष्ट्रप्रमुखांच्या मंडळाला, लेखी सूचना देतो आणि त्या दिवसापासून दोन वर्षांचे घड्याळ सुरू होते. उरलेले देश वाटाघाटींची दिशा ठरवतात. तयार झालेल्या करारावर उरलेल्यांपैकी किमान ७२ टक्के देशांची संमती लागते (ब्रिटनच्या वेळी २७ पैकी २०) आणि त्या देशांत उरलेल्या संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या असावी लागते. त्यावर युरोपीय संसदेची मान्यता. जाणाऱ्या देशाची स्वतःची संसद वेगळी. करार झाला नाही तरी दोन वर्षांनी सदस्यत्व आपोआप संपते. मुदतवाढ हवी तर जाणाऱ्या देशाची सहमती आणि उरलेल्या सगळ्यांचे एकमत, दोन्ही लागतात.

खरी अडचण शेवटच्या दोन वाक्यांत आहे. सूचना देईपर्यंत पत्ते जाणाऱ्याच्या हातात असतात. सूचना दिली की घड्याळ त्याच्या विरुद्ध धावू लागते, कारण करार न होण्याचे नुकसान त्याला जास्त असते. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ला सूचना दिली तेव्हा कुठे जायचे यावर त्यांच्या मंत्रिमंडळातच एकमत नव्हते. लगेच त्यांनी निवडणूक लावली आणि ८ जूनला बहुमत गमावले. वाटाघाटी सुरू झाल्या १९ जूनला, म्हणजे जवळजवळ तीन महिने वाया गेले. पहिल्याच दिवशी संघाने घातलेला क्रम मान्य करावा लागला : आधी नागरिकांचे हक्क, देणी आणि आयर्लंडची सीमा, व्यापाराचे नंतर. त्यामुळे माघार करारात फक्त मागचे हिशेब आले. पुढच्या व्यापाराबद्दल सोबत एक राजकीय घोषणापत्र होते, आणि ते बंधनकारक नव्हते.

हा माघार करार ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेने तीनदा फेटाळला : १५ जानेवारी २०१९ला ४३२ विरुद्ध २०२, १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२, २९ मार्चला ३४४ विरुद्ध २८६. तिसरी तारीख म्हणजे मूळ ठरलेला निघण्याचाच दिवस. मुदत आधी १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी २०२० अशी सरकत गेली. मधल्या काळात बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले, त्यांनी आयर्लंडविषयीचा भाग बदलून घेतला आणि डिसेंबर २०१९ची निवडणूक मोठ्या बहुमताने जिंकली, तेव्हा कुठे करार मंजूर झाला. जुने नियम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालू राहिले. व्यापार करार ठरला तो त्या मुदतीच्या आठवडाभर आधी, २४ डिसेंबरला.

एक गोष्ट वादविवादात फार कमी जण काढतात. १० डिसेंबर २०१८ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की माघार लागू होण्याआधी दिलेली सूचना तो देश एकट्याच्या निर्णयाने मागे घेऊ शकतो. इतरांची परवानगी लागत नाही. म्हणजे ३१ जानेवारी २०२० पर्यंत परतीचा दरवाजा उघडा होता. ‘सूचना दिली, मग दुसरा मार्गच नव्हता’ असे कोणी म्हणाले तर हा निकाल पुढे करा.

प्रश्न : ५२ विरुद्ध ४८ एवढ्या फरकाने इतका मोठा निर्णय घ्यावा का? सार्वमत सरकारवर बंधनकारक होते का?

कायद्याने बंधनकारक नव्हते. २०१५च्या सार्वमत कायद्यात निकालाची अंमलबजावणी कशी करायची याचे कलमच नाही. म्हणूनच २४ जानेवारी २०१७ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ असा निकाल दिला की सरकारला परस्पर सूचना देता येणार नाही, त्यासाठी संसदेचा कायदा हवा. संसदेने तो कायदा मोठ्या बहुमताने केला. राजकीयदृष्ट्या मात्र निकाल बंधनकारकच होता. निकाल अमलात आणू, असे सरकारने घरोघरी वाटलेल्या पत्रकात लिहिले होते.

१ कोटी ७४ लाख लोकांनी ‘सोडा’ म्हटले. मतदारयादीत ४ कोटी ६५ लाख नावे होती, म्हणजे एकूण मतदारांच्या ३७ टक्क्यांच्या आसपास. प्रतिपक्ष हा आकडा नक्की काढील. त्यावर उत्तर असे की ‘राहा’ म्हणणारे ३५ टक्क्यांहून कमी होते आणि मतदान ७२ टक्के झाले होते, जे ब्रिटनच्या मानाने चांगलेच आहे. नंतर नियम बदलून निकाल मोजणे कुणालाही पटणार नाही. पण आधी उंबरठा ठरवण्याला ब्रिटनमध्येच दाखला होता. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या विधानसभेसाठी सार्वमत झाले तेव्हा एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांनी होकार द्यावा, अशी अट होती. मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्क्यांनी होकार दिला, पण एकूण मतदारांत तो ३२.९ टक्केच भरला आणि प्रस्ताव बारगळला.

आमचे मत विचाराल तर टक्केवारीच्या उंबरठ्यापेक्षा दुसरे सार्वमत जास्त उपयोगी ठरले असते : पहिले तत्त्वावर, दुसरे प्रत्यक्ष ठरलेल्या करारावर. फक्त ही गोष्ट पहिल्या मतदानाच्या आधी कायद्यात लिहिलेली हवी. निकालानंतर मागितली की ती हरलेल्यांची रडारड दिसते, आणि २०१८-१९ मध्ये तेच झाले.

मतदार कोण होते, हेही पाहून ठेवा. ब्रिटनमध्ये राहणारे राष्ट्रकुलाचे नागरिक मत देऊ शकत होते, त्यात भारतीय नागरिकही आले. फ्रेंच, पोलिश, जर्मन रहिवासी देऊ शकत नव्हते. संघाच्या इतर देशांपैकी आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस या तीनच देशांच्या नागरिकांना तो हक्क होता. १५ वर्षांहून जास्त काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिशांनाही मत नव्हते.

प्रश्न : आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, हा ‘सोडा’ प्रचाराच्या बसवरचा दावा खरा होता का?

नव्हता. ३५ कोटी गुणिले ५२ म्हणजे वर्षाला १८.२ अब्ज पौंड. ही रक्कम सवलत वजा करण्याआधीची. १९८४ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मिळवलेली सुमारे ५ अब्जांची वार्षिक सवलत आधीच कापली जाई. तो पैसा ब्रिटनबाहेर जातच नसे. उरलेल्यातून शेतकरी आणि मागास भागांसाठी साडेचार अब्जांच्या आसपास परत येत. निव्वळ देणे साधारण साडेआठ अब्ज, म्हणजे आठवड्याला १६ कोटींच्या आसपास. यूके स्टॅटिस्टिक्स अथॉरिटीने मतदानाआधीच हा दावा दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले होते. अनुकूल बाजूने बोलणाऱ्याने १६ कोटीच सांगावेत. तोही लहान आकडा नाही आणि तो कुणी खोडू शकत नाही.

प्रश्न : आयर्लंडच्या सीमेवर सगळे गाडे अडले, असे वाचतो. नेमके काय अडले?

आयर्लंड प्रजासत्ताक संघात आहे, उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये. दोन्हींमधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची, तिला ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक. तीस वर्षांच्या हिंसाचारानंतर १० एप्रिल १९९८ला गुड फ्रायडे करार झाला आणि लष्करी चौक्या हटल्या. आज तिथे रस्ता एका देशातून दुसऱ्यात कधी गेला हे फलकावर मैलाऐवजी किलोमीटर दिसू लागले की कळते. तिथे पुन्हा तपासणीनाके उभारायला कोणीच तयार नव्हते.

आता तीन वचने शेजारी ठेवून पाहा. एक : जमिनीवर सीमा होणार नाही. दोन : उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्यात समुद्रातही सीमा होणार नाही. तीन : संपूर्ण ब्रिटन एकल बाजारपेठ आणि कस्टम्स युनियन सोडणार. यातली कोणतीही दोन पाळता येतात, तिन्ही नाही. जिथे दोन वेगळ्या नियमांचे प्रदेश भिडतात, तिथे मालाची तपासणी कुठेतरी करावीच लागते. मे यांच्या ‘बॅकस्टॉप’ने तिसरे वचन सैल केले : दुसरा उपाय सापडेपर्यंत सगळा ब्रिटन संघाच्या जकात-प्रदेशात राहील. त्यातून एकतर्फी बाहेर पडता येत नव्हते, म्हणून त्यांच्याच हुजूर पक्षाने तो हाणून पाडला. जॉन्सन यांनी दुसरे वचन मोडले. उत्तर आयर्लंड कागदोपत्री ब्रिटनच्या जकात-प्रदेशात राहिले, पण मालाचे नियम युरोपीय संघाचे. तपासणी बेलफास्ट आणि लार्न बंदरांवर.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय झाला, ते सॉसेजवरून कळते. संघाबाहेरच्या देशातून थंड, पण न गोठवलेले सॉसेज आणि खिमा आणायला संघाच्या आरोग्यनियमांत बंदी आहे. ब्रिटन बाहेरचा देश झाला, तेव्हा ब्रिटिश कारखान्यातले सॉसेज ब्रिटनच्याच उत्तर आयर्लंडमधल्या दुकानात ठेवणे बेकायदा ठरणार होते. सवलतीच्या मुदती लांबवत वेळ मारून नेली गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपी या युनियनवादी, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या पक्षाने प्रांतिक सरकार सोडले आणि ते पुन्हा उभे राहिले थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधल्या काळात, २७ फेब्रुवारी २०२३ला, ब्रिटन आणि संघ यांच्यात विंडसर फ्रेमवर्क हा समझोता ठरला. उत्तर आयर्लंडमध्येच विकला जाणारा माल हिरव्या मार्गिकेने कमी कागदांवर जातो, पुढे प्रजासत्ताकात जाऊ शकेल तो लाल मार्गिकेने पूर्ण तपासणीतून. हिरव्या मार्गिकेतल्या अनेक खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ‘नॉट फॉर ईयू’ छापावे लागते. शिवाय ९० सदस्यांच्या विधानसभेतल्या किमान दोन पक्षांच्या ३० सदस्यांना संघाच्या बदललेल्या नियमावर हरकत घेता येते.

२०१६च्या प्रचारात या सीमेवर फार थोडे बोलले गेले. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी ‘राहा’ म्हटले होते, हे इथे लक्षात घ्या.

प्रश्न : व्यापार करारात आयातशुल्क शून्य आहे. मग ब्रिटिश निर्यातदार तक्रार कशाची करतात?

कागदांची. डोव्हरहून फ्रान्सला निघालेला चीज आणि मांसाचा ट्रक घ्या. २०२०च्या अखेरपर्यंत त्याला इतर देशांतर्गत मालासारखीच बिले आणि पोचपावत्या पुरत. आता ब्रिटनकडे निर्यातीची घोषणा, फ्रान्सकडे आयातीची घोषणा, सुरक्षेची वेगळी घोषणा, मूळदेशाचा दाखला, आणि प्राणिजन्य पदार्थ आहेत म्हणून पशुवैद्याच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र संघाने आखून दिलेल्या नमुन्यात, जिथे माल उतरणार तिथल्या भाषेतही लागते, आणि सही-शिक्क्याची शाई छापील मजकुरापेक्षा वेगळ्या रंगाची असावी लागते. एका ट्रकमध्ये दहा जणांचा माल एकत्र भरला असेल आणि एकाच्या कागदात चूक निघाली, तर दहाही जणांचा माल अडतो. म्हणून लहान उत्पादकांचा माल एकत्र नेणारे वाहतूकदार खाद्यपदार्थ घ्यायला कचरू लागले. मोठी कंपनी यासाठी माणसे नेमते. आठवड्याला चार खोकी पाठवणारा पाठवणेच थांबवतो.

शून्य शुल्कालाही अट आहे. माल ‘ब्रिटिश’ ठरला पाहिजे. बांगलादेशात शिवलेला शर्ट ब्रिटनच्या गोदामात आला आणि तिथून फ्रान्सला विकला, तर तो ब्रिटिश ठरत नाही. संघाच्या हद्दीत तयार कपड्यांवरचे १२ टक्के शुल्क लागते. युरोपभर माल पाठवणारी गोदामे ब्रिटनमध्ये ठेवण्यातला फायदा यामुळे गेला. आणि ब्रिटनची अर्थव्यवस्था मुख्यतः सेवांवर चालते. त्या करारात सेवांच्या वाट्याला फार थोडे आले. लंडनमधल्या बँकांचा एका परवान्यावर संघभर व्यवसाय करण्याचा हक्क संपला, व्यावसायिक पदव्यांची आपोआप मान्यता संपली.

उलट दिशेने, संघातून येणाऱ्या मालावर ब्रिटनने स्वतःची तपासणी वारंवार पुढे ढकलली. आरोग्य प्रमाणपत्रे जानेवारी २०२४ पासून आणि प्रत्यक्ष तपासणी एप्रिलच्या शेवटी सुरू झाली. म्हणजे तीन वर्षे ब्रिटिश उत्पादक कागद भरत होता आणि त्याचा युरोपीय स्पर्धक जवळजवळ मोकळा येत होता. हा अन्याय करारात लिहिलेला नव्हता. तपासणीनाके आणि माणसे वेळेत उभी न केल्याचा तो परिणाम होता.

प्रश्न : सार्वभौमत्वाचा मुद्दा निव्वळ भावनिक आहे, असे शिक्षक म्हणतात. खरे आहे का?

नाही. अनुकूल बाजूचा तो सर्वांत भक्कम मुद्दा आहे, फक्त घोषणेत न मांडता दाखल्याने मांडा. दाखला फॅक्टरटेम खटल्याचा. संघाच्या नियमांनी ब्रिटनच्या वाट्याला आलेले मासे स्पॅनिश मालकीच्या पण ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या बोटी धरत होत्या. संसदेने १९८८ मध्ये कायदा करून बोटींच्या मालकीवर अटी घातल्या. १९९० मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निर्णयानुसार ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सला, जे तेव्हा सर्वोच्च न्यायपीठही होते, संसदेचा तो कायदा बाजूला ठेवावा लागला. संसदेचा शब्द अंतिम मानणाऱ्या देशात ही साधी बाब नव्हती. शिवाय संघाच्या मंत्रिपरिषदेत बहुतेक कायदे ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या या बहुमताने होतात, म्हणजे ब्रिटनचा विरोध असूनही नियम लागू होऊ शकत होता. ज्यांनी तो केला त्यांना ब्रिटिश मतदार निवडणुकीत घरी बसवू शकत नव्हता. लोकशाहीच्या दृष्टीने हा आक्षेप खरा आहे आणि प्रतिपक्षाने तो हसण्यावारी नेऊ नये.

प्रतिपक्षाचे उत्तर दोन पातळ्यांवर येईल. पहिले, हे अधिकार संसदेनेच १९७२च्या कायद्याने दिले होते आणि तिनेच परत घेतले. सार्वभौमत्व गेले असते तर बाहेर कसे पडता आले असते? दुसरे अधिक बोचरे आहे : नियम करण्याचा अधिकार मिळाला, पण वापरता किती आला? माल नियमांत बसतो हे दाखवणाऱ्या युरोपीय ‘सीई’ शिक्क्याऐवजी ब्रिटनने स्वतःचा ‘यूकेसीए’ शिक्का आणला. उत्पादकांना दोन शिक्क्यांचा खर्च परवडेना, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक मालासाठी सीईच बेमुदत चालेल असे जाहीर करावे लागले. संघाचे हजारो जुने कायदे २०२३च्या अखेरीस आपोआप रद्द करायचे विधेयकही शेवटी सुमारे ६०० कायद्यांवर आले, आणि त्यातले बरेचसे कालबाह्यच होते.

तरीही वापरलेले अधिकार आहेत, ते नोंदवा. शेतीची सरसकट एकरी अनुदाने इंग्लंडने मोडीत काढून पर्यावरणाच्या कामाशी जोडली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी करार झाले, डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटन पॅसिफिक व्यापारगटात गेला आणि २४ जुलै २०२५ला भारताबरोबरच्या करारावर सह्या झाल्या. कस्टम्स युनियनमध्ये राहून यातला एकही करार त्याला स्वतंत्रपणे करता आला नसता. लसीचा दाखला मात्र टाळा. फायझरच्या लसीला ब्रिटनने २ डिसेंबर २०२०ला मंजुरी दिली तेव्हा संघाचेच कायदे तिथे लागू होते, आणि तातडीच्या मंजुरीची मुभा त्या कायद्यांतच होती.

प्रश्न : ब्रेक्झिटमुळे ४ टक्के नुकसान झाले, हा आकडा कितपत धरावा?

धरा, पण नीट वाचून. तो ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेचे अधिकृत अंदाज करणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या संस्थेचा आहे. संघात राहिला असता तर ब्रिटनची जी उत्पादकता झाली असती, तिच्या मानाने दीर्घ काळात ती ४ टक्क्यांनी कमी राहील, असे त्यांचे गृहीतक आहे. अर्थव्यवस्था ४ टक्क्यांनी आकसली, असा त्याचा अर्थ नाही. न घडलेल्या इतिहासाशी केलेली ती तुलना आहे, आणि मधेच कोरोना आणि युक्रेन युद्ध आल्याने हिशेब आणखी अवघड झाला. दुसरीकडे, ‘सोडा’ म्हणताच लगेच मंदी येईल आणि पाच लाख नोकऱ्या जातील, हे ब्रिटिश अर्थखात्याचे मे २०१६चे भाकीत खोटे ठरले. पौंड कोसळला, महागाई वाढली, पण मंदी आली नाही. तात्काळ कोसळेल म्हणणारे चुकले. हळूहळू झीज होईल म्हणणाऱ्यांची बाजू आतापर्यंतच्या व्यापाराच्या आकड्यांवरून भक्कम दिसते.

प्रश्न : बाहेरून येणाऱ्यांची संख्या कमी झाली का?

एकूण नाही. युरोपातून येणारे घटले, इतर देशांतून येणारे त्याहून जास्त वाढले. सार्वमताच्या महिनाभर आधी जाहीर झालेला निव्वळ स्थलांतराचा वार्षिक आकडा ३ लाख ३३ हजार होता; २०२३ मध्ये तो ९ लाखांवर गेला आणि व्हिसाचे नियम कडक केल्यावर उतरला. कोणाला घ्यायचे हे आता लंडन ठरवते, एवढे खरे. किती घेतले, तोही लंडनचाच निर्णय होता.

प्रश्न : ब्रिटनने युरोपीय मानवाधिकार न्यायालयही सोडले ना?

नाही. ते न्यायालय स्ट्रासबर्गला आहे आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या कौन्सिल ऑफ युरोप या वेगळ्या संघटनेचे आहे. ब्रिटन तिचा सदस्य आहे. संघाचे न्यायालय लक्झेंबर्गला. ही गल्लत झाली की परीक्षक गुण कापतात.

प्रश्न : ब्रिटनआधी कोणी असा संघ सोडला आहे का? आणि परत जाता येते का?

ग्रीनलंडने. डेन्मार्कचा भाग म्हणून ते १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेले, १९८२ मध्ये सार्वमत घेतले आणि १ फेब्रुवारी १९८५ला बाहेर पडले. मुख्य प्रश्न मासळीचा, लोकसंख्या साठ हजारांच्या आत, आणि तरीही जवळजवळ तीन वर्षे गेली. बाहेर पडल्यावर त्याने युरोपीय बोटींना मासेमारीची परवानगी देऊन मोबदला घेतला. आफ्रिकेत मोरोक्कोने १९८४ मध्ये आफ्रिकी एकता संघटना सोडली आणि २०१७ मध्ये तिच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघात प्रवेश केला. ब्रिटननंतर माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी जानेवारी २०२४ मध्ये इकोवास हा पश्चिम आफ्रिकी देशांचा गट सोडत असल्याचे जाहीर केले आणि वर्षभराच्या मुदतीनंतर जानेवारी २०२५ मध्ये ते बाहेर पडले. हे दाखले देताना एवढे सांगा की जिथे समाईक नियमांचे जाळे विरळ असते तिथे बाहेर पडणे सोपे जाते. ब्रिटनची ४७ वर्षांची गुंतागुंत त्यांना नव्हती.

युरोपीय संघात परत जायचे तर कलम ४९. नव्या उमेदवारासारखा अर्ज, सगळ्या सदस्यांचे एकमत, आणि युरोतून सूट किंवा थॅचर यांची सवलत परत मिळेल याची कसलीही हमी नाही. सध्याच्या मजूर पक्षाच्या सरकारने एकल बाजारपेठ आणि कस्टम्स युनियनमध्येही परत जाणार नाही असे सांगितले आहे. पण १९ मे २०२५च्या लंडन बैठकीत अन्न आणि प्राणी-वनस्पती आरोग्यासाठी वेगळा करार करायचे ठरले. त्यातून वर सांगितलेली प्रमाणपत्रे बरीचशी जातील. बदल्यात त्या क्षेत्रात संघाचे नियम बदलतील तसे ब्रिटनला बदलावे लागतील, संघाच्या कायद्याचा अर्थ लावण्यात युरोपीय न्यायालयाचा शब्द अंतिम राहील, आणि ते नियम ठरवताना ब्रिटनला मत नसेल. त्याच बैठकीत युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवली गेली. बार्निये यांच्या जिन्यावरची एक पायरी, एका विषयापुरती, ब्रिटन पुन्हा चढायला निघाला आहे. तुमच्या ठरावाची पुढची फेरी याच करारावर होईल, तेव्हा त्याचा मसुदा येईल तो मुळातून वाचा.